दिव्याखाली अंधार, उशीखाली फोन

पत्र:

काका, सप्रेम नमस्कार. तुम्ही दूरसंचार खात्यात होता असं वाचलं, म्हणून धीर करून लिहितेय. आम्ही नाशिकरोडला चौथ्या मजल्यावर राहतो. समोरच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर दिवाळीनंतर मोबाईलचा टॉवर बसला. आमच्या बेडरूमच्या खिडकीतून तो सरळ दिसतो. मधलं अंतर साठ-पासष्ट पावलं असेल. तेव्हापासून माझं डोकं जड असतं, झोप लागत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, मग मोबाईलवर याच विषयाचं वाचत पडते आणि जास्तच घाबरते. घरात सासूबाईंना पेसमेकर बसवलाय, मुलगा आठवीत आहे. सोसायटीच्या ग्रुपवर रोज काही ना काही येतं: कॅन्सर होतो, फाइव्ह-जी तर त्याहून वाईट, चिमण्यासुद्धा यामुळेच गेल्या. शेजारच्या वहिनींकडून फोनला मागे चिकटवायच्या चार चिपा घेतल्या, सहाशेला एक. आमचे हे म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच. काही जण मोर्चा काढायचा म्हणतात, दोघांनी तर फ्लॅट विकायला काढलाय. आम्ही काय करावं? नाव छापू नका.

– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर:

ताई, आधी तुमच्या यजमानांसाठी दोन ओळी. डोकं दुखतंय असं बायको सांगते, तेव्हा ते दुखतच असतं. कशामुळे दुखतंय यावर वाद घाला, दुखण्यावर नको. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

आता टॉवर. मी अठ्ठावीस वर्षं या खात्यात काढली, पण उत्तर द्यायला बसलो ते कागद-पेन्सिल घेऊन, कारण तुमच्या पत्रात मला हवी ती मापं आयतीच मिळाली. साठ-पासष्ट पावलं म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटर. सात मजल्यांची गच्ची आणि वर खांब धरून अँटेना जमिनीपासून पंचवीसेक मीटरवर असणार. तुमची चौथ्या मजल्यावरची खिडकी बारा-तेरा मीटरवर. म्हणजे अँटेनाच्या नजरेतून तुम्ही सरळ समोर नाही, सुमारे १५ अंश खाली आहात.

हे अंश महत्त्वाचे आहेत. गच्चीवर त्या उभ्या, लांबट पांढऱ्या पेट्या दिसतात ना, त्या बल्बसारख्या चहूकडे उजेड सांडत नाहीत. आडव्या दिशेला त्यांचा झोत ऐसपैस पसरतो, पण उभ्या दिशेला तो जेमतेम सहा-आठ अंशांचा, भाकरीसारखा चपटा असतो, आणि पुढच्या बाजूला किंचित झुकवलेला असतो. पाच अंश झुकवलेला झोत पंचवीस मीटर उंचीवरून निघाला तर जमिनीला टेकेपर्यंत सुमारे २८५ मीटर पुढे गेलेला असतो. तो तुमच्या डोक्यावरून जातो. टॉवर ज्यांच्या गच्चीवर आहे त्या सातव्या मजल्यावरच्या लोकांना तर त्याहून कमी मिळतं, कारण ते पेटीच्या तळाखाली आहेत आणि मध्ये स्लॅब आहे. दिव्याखाली अंधार ही म्हण मला या बाबतीत फार आवडते, कारण इथे ती तक्रार नसून दिलासा आहे.

आता तुम्ही बरोब्बर झोतात आहात असंच धरू, म्हणजे वाईटातला वाईट हिशेब होईल. एका अँटेनाला साधारण २० वॅट दिले आणि तिने ते एका दिशेला पन्नास पट एकवटले, तर त्या दिशेपुरता तो हजार वॅटचा दिवा झाला. पंचेचाळीस मीटरवर पोचेपर्यंत ही शक्ती इतकी पसरते, की एका चौरस मीटरला ०.०४ वॅट एवढीच वाटणीला येते. आपल्याकडे ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरींना चौरस मीटरमागे परवानगी आहे ती ०.४५ वॅटची, १८०० ला ०.९ आणि २००० च्या वर १ वॅट. एका खांबावर तीन कंपन्यांच्या मिळून आठ-दहा पेट्या असतील तर बेरीज करावी लागते, पण त्यांची तोंडंही तीन दिशांना वाटलेली असतात. तरीही समोरासमोर, त्याच उंचीवर, रस्त्याच्या पलीकडे कुणाचं घर असेल तर मी एवढा निवांत राहणार नाही. केंद्राने राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अँटेनाच्या अगदी समोरच्या इमारतीसाठी एका अँटेनाला २० मीटर, दोनांना ३५ मीटर असं अंतर दिलेलं होतं. तुमच्या गल्लीत सातव्या-आठव्या मजल्यावर, पेट्यांच्या तोंडासमोर कुणी राहत असेल, तर काळजी त्यांची आधी करा.

ही मर्यादा आली कुठून, हेही सांगतो. या लहरींचा ठामपणे सिद्ध झालेला परिणाम एकच: ऊती तापणं. शरीराच्या दर किलोमागे ४ वॅट शोषले गेले तर अंगाचं तापमान अंदाजे एक अंशाने वाढतं. आंतरराष्ट्रीय समितीने सामान्य माणसासाठी मर्यादा ठेवली त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यावर. आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्याचाही दहावा भाग ठरवला. सरकारी नियमांबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही, पण हा कडक आहे. पेट्यांच्या तोंडाशी मात्र खेळ नाही. अँटेनावर काम करायला चढणारा माणूस तिच्यासमोर उभं राहण्याआधी खालच्याला ट्रान्समीटर बंद करायला लावतो. गच्चीवर वाळवणं घालायला किंवा पतंग उडवायला मुलं त्या पेट्यांपाशी जात असतील तर ते आजच बंद करा.

आपला घोटाळा शब्दापासून सुरू होतो असं मला नेहमी वाटतं. मराठी वर्तमानपत्रांत सर्रास ‘टॉवरचा किरणोत्सर्ग’ असं छापतात. किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम, तारापूर, चेर्नोबिल. मोबाईलचं ते प्रारण, म्हणजे रेडिओ, टीव्ही, प्रकाश यांच्याच जातीचं. एक्स-रेच्या एकेका कणात रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावायची ताकद असते, म्हणून तो डीएनएला इजा करू शकतो. मोबाईलच्या लहरींचा एकेक कण त्याच्यापुढे लाखो-कोटींनी दुबळा, साध्या दिव्याच्या उजेडापेक्षाही दुबळा. झाडावरची कैरी पाडायला एक नीट दगड लागतो; शेंगदाण्याची टरफलं दिवसभर फेकली तरी कैरी हलत नाही. फाइव्ह-जीच्या नव्या पट्ट्यालाही हेच लागू. तो ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा आहे, उजेडाच्या जवळपासही नाही, आणि शरीरात जुन्या पट्ट्यांपेक्षा कमीच खोल जातो.

म्हणजे शंकेला जागाच नाही का? आहे. ती झाकून ठेवली की ग्रुपवरच्या मंडळींचं फावतं, म्हणून सांगतोच. मे २०११ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथल्या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी ‘२-ब’ गटात टाकल्या: कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे, पुरावा मर्यादित आहे. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. गट सांगतो तो पुराव्याचा भक्कमपणा, धोक्याचा आकार नाही. ज्यांचा पुरावा पक्का त्या पहिल्या गटात तंबाखू, दारू आणि सुपारी आहे. तेव्हा मोर्चाला निघालेल्यांपैकी कुणाच्या खिशात पुडी असेल तर तिच्याकडे आधी बघावं, असं माझं नम्र मत.

तो मर्यादित पुरावा मुख्यतः आला तेरा देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासातून, २०१० सालचा. एकूणात फोन वापरणाऱ्यांना मेंदूच्या गाठी जास्त झालेल्या दिसल्या नाहीत. पण सगळ्यात जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत, आयुष्यात १६४० तासांहून अधिक, एका प्रकारच्या गाठीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. संशोधकांनी स्वतःच लिहिलं की आजारी माणसांच्या आठवणीवर काढलेले हे तास भरवशाचे नाहीत. नंतर २०१८ मध्ये अमेरिकेत उंदरांना दोन वर्षं, रोज नऊ तास या लहरींत ठेवलं, तेव्हा नरांच्या हृदयात गाठी आढळल्या. गंमत अशी की लहरींतले नर न ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले. आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात माणसांवरचे ६३ अभ्यास तपासले, त्यात फोनचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसला नाही. हा विषय पुन्हा तपासायला घ्यावा अशी शिफारस मात्र त्या ल्योंच्या संस्थेला तिच्याच सल्लागारांनी केलेली आहे. मला यातून एवढं कळतं की धोका असलाच तर तो लहान आहे. मोठा असता तर गेल्या तीस वर्षांत, अर्धं जग फोन कानाला लावून फिरत असताना, तो लपून राहिला नसता.

ग्रुपवर ग्वाल्हेरची केसही फिरली असेल. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कर्करोगग्रस्त घरगड्याच्या तक्रारीवर तिथला एक टॉवर बंद करायला सांगितला होता. आदेश खरा आहे. पण तो त्या माणसाच्या बाबतीतला सावधगिरीचा निर्णय होता. टॉवरमुळे कर्करोग होतो की नाही हे प्रयोगशाळेत ठरतं, कोर्टात नाही. चिमण्यांबद्दल एवढंच: कौलं गेली, वळचणी गेल्या, किडे गेले. खिडकीत एक खोकं टांगून बघा.

आणि आता जे तुम्हाला पटायला जड जाईल ते. टॉवर काढला तर तुमच्या डोक्यात जाणाऱ्या लहरी कमी होणार नाहीत, बहुधा वाढतील.

तुमचा फोनही ट्रान्समीटरच आहे. फोर-जीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट फेकतो. टॉवरच्या वीस वॅटांपुढे काहीच नाही असं वाटेल, पण टॉवर पंचेचाळीस मीटरवर आहे आणि हा तुमच्या कानशिलाला टेकलेला आहे. शिवाय फोन आपला जोर कमी-जास्त करतो. टॉवर जवळ असेल तर कमाल शक्तीच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्श्यातही त्याचं भागतं. टॉवर दूर गेला, सिग्नलची एकच कांडी उरली, की तो जीव तोडून ओरडतो. पंचवटीने मुंबईला जाताना कसारा घाटातल्या बोगद्यांत फोन कसा गरम होतो आणि बॅटरी कशी धडाधड उतरते, आठवून बघा. मोर्चा काढून टॉवर अर्धा किलोमीटर लांब पाठवलात तर घरातल्या प्रत्येक फोनची रोजची अवस्था थोडीफार तशीच.

म्हणून मला तुमच्या खिडकीपेक्षा तुमच्या उशीची काळजी जास्त. पत्रात तुम्हीच लिहिलंय, रात्री दोनपर्यंत फोनवर वाचत पडते. म्हणजे फोन तोंडापासून वीतभर, उजेड डोळ्यात, आणि वाचताय काय तर भीतीचं. मग झोपताना तो कुठे जातो? उशीखाली किंवा उशाशी, चार्जिंगला लावून. यात लहरींचा भाग किती ते बाजूला ठेवा. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तापतो, हेच पुरे आहे. रात्री दहाला फोन हॉलमध्ये ठेवा आणि गजरासाठी घड्याळ आणा.

डोकेदुखीबद्दल शास्त्र जे सांगतं ते ऐकून रागावू नका. ज्यांना मोबाईल वगैरेंच्या लहरींनी त्रास होतो असं वाटतं, अशा माणसांना बंद खोलीत बसवून, लहरी चालू आहेत की बंद हे त्यांना आणि तपासणाऱ्यालाही न सांगता प्रयोग झाले. अशा ४६ प्रयोगांत, १,१७५ माणसांवर, कुणालाही चालू-बंद खात्रीने ओळखता आलं नाही. पण चालू आहे असं नुसतं वाटलं तरी त्यांचं डोकं खरोखर दुखलं. हे नाटक नाही. मनाने धास्ती घेतली की मान आखडते, झोप उडते, डोकं ठणकतं. शरीर खोटं बोलत नाही, फक्त चुकीच्या माणसाचं नाव घेतं. तेव्हा डॉक्टरांकडे जा, आणि तिथे टॉवरचं नाव आधी काढू नका, नाहीतर तपासणी तिथेच संपेल. रक्तदाब, चष्म्याचा नंबर, हिमोग्लोबिन बघायला सांगा. पहाटे डोकेदुखीने जाग येत असेल, उलटी होत असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा एका बाजूचे हातपाय जड वाटत असतील, तर माझ्या पुढच्या लेखाची वाट न बघता त्याच दिवशी जा.

आणखी एक संशयित आहे, त्याचा तुम्ही उल्लेखच केला नाही. टॉवरच्या खोक्याला थंड ठेवणारा पंखा आणि लाइट गेल्यावर सुरू होणारा जनरेटर. रात्री अकरानंतर खिडकी उघडून पाच मिनिटं नुसतं ऐका. ती घरघर झोपेचं वाटोळं करते आणि तिच्यावर उपायही आहे. मी पैज लावायला तयार आहे, पण पेन्शनवाला माणूस, छोटीच लावीन.

घरात करायचं ते थोडं आहे. लांबलचक बोलणं असेल तर स्पीकर लावा किंवा वायरचा हेडफोन. डोक्यापासून हातभर अंतर पडलं की लहरी इतक्या झपाट्याने ओसरतात, की बाकीचे सगळे उपाय त्यापुढे किरकोळ. ब्लूटूथही चालेल, त्याची ताकद फोनच्या कितीतरी खाली. लिफ्टमध्ये, तळघराच्या पार्किंगमध्ये, एक कांडी असताना गप्पा मारू नका, बाहेर येऊन बोला. आठवीतल्या चिरंजीवांनी पांघरुणात फोन घेऊन खेळणं बंद, याची कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. वाय-फायचा राउटर उशापासून दोन मीटर दूर ठेवला की विसरून जा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की ‘सार’चा, म्हणजे शरीर फोनच्या लहरी किती शोषतं त्याचा, आकडा दिसतो, आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. पण ०.९ आणि १.२ यांत निवड करत बसू नका, कारण तो आकडा फोन पूर्ण जोरात ओरडत असतानाचा असतो.

यजमानांसाठी अजून एक ओळ: स्वित्झर्लंडमध्ये २०२३ साली २,८८६ तरुणांच्या अभ्यासात फोन सतत वापरणाऱ्यांचं शुक्राणूंचं प्रमाण कमी दिसलं, पण पँटच्या खिशाचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. म्हणजे दोष लहरींचा की बसून राहण्याचा, हे त्यातून ठरत नाही.

सासूबाईंना टॉवरचं भय नाही, हे त्यांना बजावून सांगा. पेसमेकरला त्रास होऊ शकतो तो अंगाला चिकटलेल्या फोनचा, विशेषतः ज्यांच्या पाठीत चार्जिंगसाठी लोहचुंबक असतो अशा नव्या फोनचा. पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवायचं आणि पेसमेकर ज्या बाजूला त्याच्या उलट कानाला फोन लावायचा. आपल्या बायकांची फोन ब्लाउजमध्ये खोचायची सवय असते, ती मात्र त्यांनी सोडायलाच हवी. कमरेला पिशवी शिवून द्या.

त्या चिपा. फोनच्या लहरी खरंच अडवल्या तर फोनच लागणार नाही. थोड्या अडवल्या तर फोन जास्त ओरडेल. मग सहाशे रुपयांत काय मिळालं? २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने असली दहा उत्पादनं तपासली, फाइव्ह-जीपासून रक्षण करणारी लॉकेटं आणि बांगड्या वगैरे, तर ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. इथे किरणोत्सर्ग हा शब्द मी बरोबर वापरलाय. तुमच्या चिपा नुसतं प्लास्टिकच असतील, पण वहिनींकडे चोवीसशे रुपये परत मागा.

फ्लॅट विकू नका. मोर्चाऐवजी मोजणी करून घ्या. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं संकेतस्थळ २०१७ पासून आहे. तुमच्या भागातले टॉवर त्यात नकाशावर दिसतात, आणि साधारण ४,००० रुपये भरून अर्ज केला की विभागाची माणसं येऊन तुमच्या खिडकीत मोजून जातात. चाळीस बिऱ्हाडांत शंभर-शंभर रुपये. मोजणीच्या दिवशी खिडकी उघडी ठेवा, त्यांना संध्याकाळी गर्दीच्या वेळी यायला सांगा आणि आकडा मर्यादेच्या किती टक्के तेही लिहून मागा. मर्यादा ओलांडलेली निघाली तर हातात कागद असेल, आणि कागदाशिवाय या देशात कुणी पंखासुद्धा बंद करत नाही.

समोरच्या सोसायटीशी भांडायचंच असेल तर जनरेटरच्या आवाजावरून भांडा. त्यांच्या सभासदांना सर्वसाधारण सभेत विचारायला लावा: करार किती वर्षांचा, भाडं कुणाच्या खात्यात जातं, टॉवर बसवण्याआधी इमारतीच्या मजबुतीचा दाखला घेतला का, आणि पावसाळ्यात खांबाच्या पायापाशी गच्ची गळली तर दुरुस्ती कोण करणार. त्या गच्चीखालच्या सातव्या मजल्यावर जे कोणी राहतात, ते या शेवटच्या प्रश्नाला पहिले हात वर करतील.